उजेडात धरा की

अक्कांच्या हातात कुठलीही वस्तू गेली की ती आधी उजेडाकडे जायची. पासपोर्टचे फोटो, औषधाची बाटली, शेजारणीने वाटीत आणून दिलेलं लोणचं, काहीही असो. हात वर, मान थोडी तिरकी, एक डोळा बारीक, आणि अंगठ्याचं नख वस्तूच्या कडेवरून हळू फिरत जायचं. समोरच्याने वस्तू न बघताच खिशात घातली तर त्यांना राहवायचं नाही. "असं कसं घेता? उजेडात धरा की!"

सोलापूरच्या पूर्व भागात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि मागच्या गल्लीत अक्कांचं घर. खाली टॉवेलचे माग, वर राहायची जागा. मागावरून उतरलेला प्रत्येक टॉवेल गठ्ठ्यात जाण्याआधी अक्का दारात उभं राहून उजेडात धरायच्या. कुठं धागा सुटलाय, कुठं विणीत फट पडलीय, ते त्यांना लगेच दिसायचं. ही खोड मग जगातल्या सगळ्याच वस्तूंना लागू झाली. तुमच्या आजूबाजूलाही अशी माणसं असतील, भाजीवाला ज्यांना लांबून पाहूनच वैतागतो. मीही वैतागायचो. मी काढलेला एकही फोटो या बाईने पहिल्या फटक्यात पसंत केला नाही.

तर एका दुपारी अक्का आल्या, काउंटरवर पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, पाण्याखाली फोटो काढायचा कॅमेरा कुटला घ्यावा?"

मला वाटलं, नातवंडं कुठल्या वॉटर पार्कला निघाली असतील. "कुठल्या पाण्याखाली?"

"समुद्राच्या. पार तळाला. पाठीवर नळकांडं बांधून जातात न्हाय का, तसं."

"कोण जाणार?"

"मी."

मी मोठ्याने हसलो. अक्का हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि सगळं सांगितलं.

अक्कांच्या यजमानांना सगळा भाग मास्तर म्हणतो. डाईंग मास्तर. सगळी हयात त्यांनी सूत रंगवलं, आणि त्यांचा लाल प्रसिद्ध होता. चादरी विटायच्या, फाटायच्या, पण त्यातला मास्तरांचा लाल जागेवर असायचा. पुढे साखर डोळ्यांत उतरली. एक डोळा धुरकट झाला आणि दुसऱ्यावर उपचार चालू होते, पण डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की जे बघायचं ते आता बघून घ्या.

दुसरा एखादा तीर्थाला निघाला असता. मास्तरांच्या मनात मात्र वेगळंच काही बसलं होतं. पुतण्याच्या मोठ्या टीव्हीवर त्यांनी समुद्राच्या तळाचा कार्यक्रम पाहिला होता. त्यात खडकाला चिकटलेलं काहीतरी लालभडक होतं. मास्तर म्हणाले, "खोटं हाय. टीव्हीवाल्यानं रंग चढवलाय. असला लाल बसतच न्हाय." म्हणाले खरे, पण नंतर जेवताना, झोपताना एकच विषय. खरा असला तर? आणि बघायचा राहिला तर?

त्यांना स्वतःला पाण्यात उतरायची परवानगी मिळणं शक्य नव्हतं. पुतण्याने मोबाईलवर शंभर फोटो दाखवले, मास्तर एकावरही विश्वास ठेवेनात. रंगाच्या बाबतीत त्यांचा भरवसा जगात एकाच माणसाच्या डोळ्यांवर होता. म्हणून अक्काच म्हणाल्या, मी जाते. तुमच्या लाल काठाचा टॉवेल घेऊन खाली जाते, त्या लालशेजारी धरते आणि फोटो काढते. दोन्ही शेजारी शेजारी बघितले की खरं-खोटं तुमचं तुम्हाला कळेल.

"पोहता येतं का पण?" मी विचारलं.

"माहेरी विहिरीत पोरांच्या आधी मी उडी टाकायची," अक्का म्हणाल्या. "तुमी कॅमेऱ्याचं बोला."

आता खरं सांगतो, पाण्याखालच्या कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण लग्नाचे फोटो मोबाईलने खाल्ल्यापासून कुणी मला कॅमेऱ्याविषयी काही विचारलं नव्हतं. मी छाती फुगवून कामाला लागलो आणि दुकानदारांना फोन लावू लागलो. पुतण्याचं मत होतं की मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यावा, आणि ते मी लगेच उडवून लावलं, कारण तेवढ्या खोलीवर ती पिशवी टिकत नाही. मग कपाळाला लावायचे काडेपेटीएवढे कॅमेरे आले. मला ते आवडले नाहीत. माझं मन मोठ्या कॅमेऱ्यावर, मोठ्या लेन्सवर, त्याच्या धातूच्या भक्कम पेटीवर बसलं. फोटो काढायचाच तर फोटोसारखा काढावा, असं माझं म्हणणं.

अक्का प्रत्येक दुकानदाराला एकच प्रश्न विचारायला लावायच्या. "खाली लाल दिसंल का, विचारा."

सगळे गुळमुळीत बोलायचे. शेवटी पुण्याच्या एका दुकानदाराने फोनवर सरळ सांगितलं की पाण्यात सगळ्यात आधी लालच मरतो. तीन-चार पुरुष खोल गेलं की लाल वस्तू मातकट, काळपट दिसते. कॅमेरा कितीही भारी घ्या, तिथे लाल पोचतच नाही. तो परत आणायचा तर आपला उजेड आपण घेऊन जायचा आणि अगदी जवळून पाडायचा.

फोन स्पीकरवर होता. अक्कांनी हात पुढे करून फोन बंद केला. मग म्हणाल्या, "म्हंजी मास्तर म्हणत होते ते अर्धं खरं हाय."

"आता काय करायचं?"

"कॅमेरा ल्हान, दिवा मोठा."

माझा मोठा कॅमेरा तिथेच बुडाला. शेवटी एक साधा छोटा कॅमेरा ठरला, त्याची कडक पेटी, दोन मुठींची एक पट्टी आणि पट्टीवर बसवायचा एक जोरदार टॉर्च. पेटी सगळीकडून पारदर्शक हवी, हा हट्ट अक्कांचा. मी धातूची सुचवत होतो, ती जास्त टिकाऊ होती आणि त्या बाबतीत माझंच बरोबर होतं असं मला अजून वाटतं. पण अक्कांना आतलं दिसायला हवं होतं. "थेंब शिरला तर कळाया नको?" पेटीला त्या डबाच म्हणायच्या. डब्याच्या झाकणाला रबराची एक बारीक गोल कडी असते आणि सगळा कारभार त्या कडीवर. तिच्यावर केस जरी आडवा आला तरी पाणी आत येतं. दुकानदाराने हे दोनदा बजावलं, आणि आणखी एक गोष्ट सांगितली. पाणी शिरलंच तर लेन्स खाली करून धरायची, म्हणजे पाणी पुढच्या काचेत साठतं आणि कॅमेऱ्याला जरा वेळ मिळतो.

होटगीला माझ्या मेहुण्याची विहीर आहे. तिथे चाचणी घ्यायचं ठरलं. आधी रिकाम्या डब्यात कागदी रुमाल घालून तो दगडासकट दोरीने खाली सोडला. वर काढला तर रुमाल कोरडा. मग कॅमेरा आत घालून अक्का स्वतः उतरल्या. अंगात सलवार कुडता, दात ओठावर रोवलेले. दम धरून खाली गेल्या, आणि मी काठावरून टॉर्चचा उजेड हिरव्या पाण्यात उतरताना बघत होतो.

अचानक तो उजेड वर सुटला. इतक्या वेगाने अक्का वर आल्या की पायरीच्या दगडाला त्यांचा खांदा घासला. रक्त आलं होतं. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. डबा डोक्यावर धरून ओरडत होत्या, "थेंब! भाऊ, आत थेंब हाय!"

थेंब होता, पण गळतीचा नव्हता. दुपारच्या उन्हात तापलेली हवा डब्यात बंद झाली होती आणि विहिरीच्या गारव्याने तिला घाम फुटला होता. गोळ्यांच्या बाटलीत असतात त्या पांढऱ्या पुड्या आत टाकल्या आणि प्रश्न मिटला. मेहुणा हसला. मीही हसलो.

अक्कांना समुद्रात उतरायला शिकवणार होता त्या मालवणच्या प्रशिक्षकाला संध्याकाळी फोनवर मी ही गंमत सांगितली, तर तो हसला नाही. म्हणाला, "विहिरीत दम धरून गेल्या म्हणून वाचल्या. समुद्रात त्या नळकांड्यातली हवा घेणार. ती हवा वर येताना फुगते. दम रोखून अशा झपकन वर आल्या तर फुप्फुसं फाटतील. कॅमेऱ्यासाठी पळत येणारी माणसं मला बोटीवर नकोत."

मी ते अक्कांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "न्हाय येणार पळत," म्हणाल्या. मला त्या शब्दाचा काडीचा भरवसा वाटला नाही. सुटलेला धागा दिसल्यावर ज्या बाईला चालू माग थांबवल्याशिवाय चैन पडत नाही, ती पाण्याचा थेंब बघून शांत बसेल? 

मालवणला आम्ही तिघे गेलो. डॉक्टरचं प्रमाणपत्र, तलावातले धडे, मग समुद्रातले धडे, अक्कांनी सगळं पार पाडलं. रोज प्रशिक्षक त्यांच्याकडून एकच गोष्ट वदवून घ्यायचा. "काकी, कॅमेरा बुडाला तर?" "बुडू द्यायचा." "वर कसं यायचं?" "श्वास चालू ठिवून. हळू." धडे संपेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम होता. त्यामुळे फोटोसाठी शेवटचा एकच दिवस उरला. पावसाळा तोंडावर आला होता, त्यानंतर समुद्र बंद. पुन्हा उघडेपर्यंत मास्तरांचा डोळा थांबणार नव्हता. हे तिघांनाही माहीत होतं.

त्या सकाळी मास्तरांनी पिशवीतून टॉवेल काढला. पांढराशुभ्र, लाल काठाचा. काठातलं सूत मास्तरांनी स्वतः रंगवलेलं, जपून ठेवलेलं, आणि टॉवेल खास या कामासाठी आपल्याच मागावर विणून घेतलेला. अगदी कोरा, घडीही न मोडलेली. शुभकामाला कोरंच वस्त्र लागतं, यावर नवरा-बायकोचं एकमत होतं.

बोटीत अक्कांनी डबा बंद करायला घेतला तेव्हा मास्तर म्हणाले, "आण हिकडं. माझा बी हात लागू दे."

अक्कांनी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. मी चष्म्याचा मऊ फडका पुढे केला, तर मास्तरांनी बोटांनी चाचपून तो परत दिला. "ही कसली चिंधी?" त्यांनी कोऱ्या टॉवेलच्या टोकाने रबराची कडी पुसली. हळूहळू, देवाचं ताट पुसावं तशी. मग झाकण लावलं, खटका दाबला आणि डबा अक्कांपुढे धरला.

सोलापुरात कुणालाही विचारा, कोरा टॉवेल पहिल्या धुण्यापर्यंत तूस आणि धागे सोडतो. अक्कांना हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी डबा हातात घेतला. हात सवयीने वर निघाला, खांद्यापर्यंत आला, मान तिरकी व्हायला लागली. समोर मास्तर तोंड वर करून बसले होते, लहान मुलाने चित्र काढून दाखवावं तसे. अक्कांचा हात तिथूनच खाली आला. "झ्याक झालंय," त्या म्हणाल्या आणि पाण्याकडे वळल्या.

उजेडात न धरता त्यांनी एखादी वस्तू घेतल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या जिभेवर आलं होतं, अक्का, बघून घ्या एकदा. पण तेवढ्यात त्या प्रशिक्षकाबरोबर पाण्यात गेल्याही.

मग बोटीवर आम्ही दोघं आणि बोट चालवणारा तांडेल. पाण्यावर बुडबुडे येत होते, दोन ठिकाणी.

"काय दिसतंय?" मास्तरांनी विचारलं.

"बुडबुडे. चाललेत खडकाकडे."

"दोघांचे हायेत?"

"दोघांचे."

असं बराच वेळ चाललं. मास्तर विचारायचे, मी सांगायचो. उन्हाने पाणी चमकत होतं आणि माझे डोळे दुखायला लागले. बुडबुडे एका जागी स्थिरावले, म्हणजे खडक सापडला असावा. मास्तरांनी टॉवेलची रिकामी पिशवी दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

एकदम बुडबुड्यांचा फेस झाला. एका बाजूचे बुडबुडे दाट, भराभर यायला लागले. मी उभा राहिलो. बोट हलली.

"काय झालं?"

"काही नाही. जागा बदलतायत."

तांडेलही आता पाण्याकडे बघत होता. मला होटगीची विहीर दिसत होती, तो वर सुटलेला उजेड, खांद्यावरचं रक्त. आता डोकं वर येणार, ओरडत येणार, असं वाटून मी बोटीची कड इतकी आवळली की बोटं पांढरी पडली. मनातल्या मनात मी त्या बाईला शिव्या देत होतो. सोडा तो डबा, अक्का. श्वास सोडा.

डोकं वर आलं नाही. बुडबुडे हळूहळू नांगराच्या दोरीकडे सरकले आणि दोरीपाशी थांबले. तिथेच येत राहिले. एक झुबका, मग मोकळं पाणी, मग पुन्हा एक झुबका.

"वर येण्याआधी थांबतात तसे थांबलेत," तांडेल म्हणाला.

 मास्तरांचे ओठ हलत होते.

शेवटी अक्का वर आल्या, अगदी सावकाश. तोंडातली नळी काढली आणि पहिलं वाक्य मास्तरांना उद्देशून. "मास्तर, खरा हाय! तुमच्या लालशेजारी धरला मी."

मास्तर रडायला लागले, अगदी उघडपणे. मीही डोळे पुसले. दोन्ही हातांनी अक्कांनी डबा खाली तोंड करून धरला होता आणि आत पाणी डचमळत होतं.

बोटीच्या मागच्या टोकाला बसून मी डबा उघडला. कॅमेरा मेला होता. रबराच्या कडीवर एक धागा आडवा बसला होता, लाल. अक्का माझ्या शेजारी येऊन टेकल्या. त्यांनी तो धागा नखाने उचलला, उजेडात धरला आणि पाण्यात सोडून दिला.

"डबाच खराब निघाला म्हणायचं," त्या हळूच म्हणाल्या.

"अक्का, तुम्ही बघितलं का नाही? हात वर आला होता तुमचा."

"त्यांच्या हातनं आलेलं उजेडात कसं धरू, भाऊ? चार लोकांत?"

मी चिडून म्हणालो, "आणि तुमचा जीव गेला असता तर?"

"थेंब दिसला तवा लई वाटलं पळावं," अक्का म्हणाल्या. "मग वाटलं, मी मेले तर ह्यांना रंग सांगणार कोण?"

मेमरी कार्ड गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून मी सोलापूरला आणलं. स्टुडिओत ते लावताना आम्ही तिघंही श्वास रोखून बसलो होतो. कार्ड उघडलं. खाली बटण दाबत बसायला नको म्हणून फोटोऐवजी व्हिडिओच चालू ठेवला होता, आणि कॅमेरा मरेपर्यंतचा तो सगळा शाबूत होता.

मास्तर स्क्रीनला नाक लावून बसले. टॉर्चच्या उजेडात खडकाला चिकटलेला तो लाल जीव दिसला आणि शेजारी टॉवेलचा काठ. मास्तरांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवायला लावला. मग मागे टेकून म्हणाले, "ह्याला माझ्यापेक्षा रंगात एक बुडी जास्त दिलीय." त्या दिवशी त्यांच्याइतका सुखी माणूस मी पाहिला नाही. अक्का मागे उभ्या होत्या. "चित्र जरा हललंय," त्या म्हणाल्या.

आम्ही सगळे मास्तरांच्या डोळ्यांची काळजी करत राहिलो. अक्का मात्र पुढच्या थंडीत एका सकाळी टॉवेल तपासता तपासता दारातच खाली बसल्या, आणि उठल्या नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला अजून त्या गल्लीतून जाताना दाराकडे बघवत नाही.

मास्तरांचा दुसरा डोळाही आता गेला. अधूनमधून ते रिक्षाने स्टुडिओत येतात. पासपोर्टवाल्यांच्या स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "लावा."

मी व्हिडिओ लावतो. त्यात लाल आहे, पण मास्तर त्यासाठी येत नाहीत. व्हिडिओला आवाज आहे. आत ओढलेल्या श्वासाची सळसळ, मग बुडबुड्यांचा गडगडाट, मग पुन्हा सळसळ. अक्कांचा श्वास.

थोड्या वेळाने तो श्वास भराभर होतो. मास्तर बोट वर करतात. "हितं दिसला तिला थेंब."

स्क्रीनवर चित्र उलटं होतं. लेन्स खाली वळलेली असते. अक्कांचे पाय दिसतात, त्यांच्या खाली खडक, खडकावर मागे राहिलेला टॉवेल, आणि सगळं हळूहळू खाली खाली जात असतं. मास्तरांना यातलं काही दिसत नाही. ते मान तिरकी करून ऐकत असतात. एक लांब श्वास सुटतो. मग दुसरा, त्याहून लांब.

"आता बघा," मास्तर म्हणतात. "हितं ठरवलं तिनं."

एकदा त्यांनी विचारलं, "पाणी कसं शिरलं ओ, फोटोवाले?"

"डबाच खराब निघाला," मी म्हणालो.

"व्हय. ती बी तेच म्हणायची."

त्यानंतर त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही. श्वास संथ होत जातो आणि एका सळसळीच्या मध्येच आवाज तुटतो, कारण तिथे कॅमेरा बंद पडला. स्क्रीन काळी होते. मी लगेच काही बंद करत नाही. मास्तर तसेच बसून राहतात, मान तिरकी, कान स्क्रीनकडे, अक्कांनी आत घेतलेला तो शेवटचा श्वास बाहेर सुटायची वाट बघत.